गिरणीतली हवा नेमकी कोणासाठी होती?

हा भाग मी जामखेडमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केला. मे महिना, दुपारचे तीन, खिडक्या बंद, पंखाही बंद. पंख्याची घरघर माईकमध्ये येते ना, म्हणून. दहाव्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटला आणि विसाव्या मिनिटाला जांभया सुरू झाल्या. आवाज चांगला यावा म्हणून मी स्वतःचीच हवा बंद करून बसलो होतो! आजची गोष्ट तीच आहे. फक्त माईकच्या जागी सुताचा धागा आहे, आणि खोलीत मी एकटा नाही, मुंबईतली लाखो माणसं आहेत.

आमच्याकडे ‘गिरणी’ म्हटलं की पिठाची. ‘जा रे, गिरणीतून दळण घेऊन ये’ हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. गिरणीवाल्याच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं पांढरं. लहानपणी मला वाटायचं तो फार म्हातारा आहे. एकदा दिवाळीत अंघोळ करून देवळात आलेला दिसला, तर चांगला काळ्याभोर केसांचा तिशीतला माणूस!

पण आमच्या घरात गिरणी या शब्दाला दुसराही अर्थ होता. आजोबा ‘गिरणीत होते’ म्हणजे मुंबईत, कापड गिरणीत. साधारण १९५७ साली गेले. जामखेडला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. एसटीने नगर आणि तिथून पुढे मुंबई. पंचवीस वर्षं काढली आणि १९८२ च्या संपात परत आले ते कायमचेच. मला आठवतात ते ओसरीवर बसलेले, खोकणारे आजोबा. त्यांचा कप वेगळा होता. पितळी कान असलेला, कोनाड्यात एकटाच ठेवलेला. घरात सगळ्यांना वाटायचं, आजोबांना टीबी आहे. त्या कपाकडे आपण नंतर परत येऊ.

आधी गिरणीच्या आत जाऊ.

कापसाची गाठ गिरणीत येते ती दाबून बांधलेली, दगडासारखी. ती जिथे फोडतात, पिंजतात, ती ब्लो रूम. तिथून कापूस जातो कार्डिंगला, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘कार्ड खात्यात’. तिथे बारीक तारांचे दात असलेले मोठे सिलिंडर कापूस विंचरतात, केस विंचरावेत तसा. मग पेळू, मग कताई, मग सायझिंग म्हणजे सुताला खळ, आणि शेवटी विणाई. गाठीतल्या कापसाबरोबर वाळलेल्या पानांचा चुरा, बोंडाभोवतीच्या पाकळ्यांचे तुकडे आणि त्यांवर वाढलेल्या जिवाणूंचे अवशेषही येतात. ही सगळी बारीक धूळ पहिल्या दोन खात्यांत उडते. कार्डाचे दात साफ करताना तर अक्षरशः ढग उठायचा. आजोबा कार्ड खात्यात होते.

विणाई खात्याची तऱ्हा वेगळी. तिथे धूळ कमी, पण वाफ! कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं आणि तुटतं. आपल्याकडचा कापूस तेव्हा बराचसा आखूड धाग्याचा, त्यामुळे तुटण्याचं प्रमाण जास्त. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की मालकाचा पैसा थांबतो. म्हणून विणाई खात्यात मुद्दाम दमट हवा करायची. खिडक्या बंद ठेवायच्या आणि बॉयलरची वाफ सरळ आत सोडायची. मुंबईच्या उकाड्यात, बरं का.

हे किती वाईट, ते कळायला जामखेडचा माठ पुरेसा आहे. आपल्याकडे मे महिन्यात माठातलं पाणी दात कळवळतील इतकं गार होतं. तोच माठ मुंबईला नेऊन ठेवा, पाणी कोमटच. माठ गार होतो तो बाहेर झिरपणारं पाणी वाळतं म्हणून, आणि मुंबईच्या दमट हवेत ते वाळत नाही. माणसाचं शरीरही एक माठच आहे. घाम वाळला तर गारवा, नाही वाळला तर आतल्या आत उकडणं. म्हणून गिरण्यांसाठी साधा थर्मामीटर पुरत नाही, ओल्या फडक्यात गुंडाळलेला दुसराही लागतो. दोन्हींच्या आकड्यांत फरक जितका कमी, तितका घाम वाळणं अवघड. इंग्लंडमध्ये विणकरांच्या या तक्रारीवर १८८९ सालीच कायदा झाला आणि किती वाफ सोडायची त्यावर मर्यादा आली. भारतात सरकारने टी. मॅलोनी नावाच्या तज्ज्ञाकडून गिरण्यांतल्या या दमटपणाचा अहवाल घेतला तो १९२३ साली. म्हणजे मधे चौतीस वर्षं. आणि वाफेने घुसमटणारा माणूस दोन्हीकडे सारखाच.

विणाई खात्यातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. धोट्यातली, म्हणजे शटलमधली कांडी संपली की नवीन कांडीचं सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढायचं. पटकन होतं. एक धोटा दिवसभरात कित्येक तोंडांना लागायचा. लँकेशायरमध्ये याला चक्क ‘धोट्याचं चुंबन’ म्हणत. आता यात आरोग्याचा धोका दिसायला डॉक्टर लागत नाही. पण मुंबईत या पद्धतीचा निष्कर्ष काय निघाला? धोटा बदला, असा नाही. दलित कामगार विणाईत नको, असा! त्यांनी ओढलेलं सूत आम्ही तोंडात कसं घ्यायचं, हा सवर्ण विणकरांचा सवाल. विणाईला पगार जास्त होता, आणि ते दार दलितांना बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न लावून धरला. कारखान्यातली कोणती हवा कोणाच्या वाट्याला येणार, हे खातं ठरवतं, आणि कोण कोणत्या खात्यात जाणार, हे जात ठरवत होती. औद्योगिक आरोग्याच्या पुस्तकांत हा मुद्दा सहसा सापडत नाही. आपल्याकडच्या पुस्तकात तो पहिल्या पानावर असायला हवा, असं माझं मत.

बरं, कायदा काय करत होता? मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या वीस वर्षांत इतक्या गिरण्या उभ्या राहिल्या की १८७५ ला मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. १८८१ ला पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात काय, तर सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक शब्द नाही. आणि या कायद्यासाठी इंग्लंडमधले गिरणीमालक आग्रही होते. आपल्या पोरांची दया येऊन नव्हे हो, मुंबईचं स्वस्त कापड त्यांच्या पोटावर येत होतं म्हणून.

मग येतात नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला माणूस, त्यामुळे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. पाच मागण्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार.

यात हवा नाही, धूळ नाही, वाफ नाही. मला आधी नवल वाटलं होतं. मग लक्षात आलं की लोखंड्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आज औद्योगिक आरोग्य शिकणाऱ्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात की नुकसान दोन गोष्टींवर ठरतं, हवेत धूळ किती आणि त्या हवेत माणूस किती वेळ. धूळ कमी करायला यंत्रं लागतात, मालकाची तयारी लागते. वेळ मात्र एकजुटीने कमी करता येतो. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज रविवारी जे लोळत पडतो ते त्यामुळे. हेच लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच गेले.

आणि गंमत बघा, गंमत म्हणावं का कळत नाही, पण याच सुट्टीमुळे एक आजार नीट ओळखता येतो.

त्याचं नाव बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा छातीचा आजार. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, श्वास अपुरा पडतो. मंगळवारी थोडं बरं, बुधवारी आणखी बरं. पुढच्या सोमवारी परत तेच. बाकीचे दमे असा वार बघून येत नाहीत. धुळीत सलग राहिलं की शरीर काही काळ निर्ढावतं, दोन दिवस बाहेर राहून परत आलं की पुन्हा दचकतं. वर्षं गेली की हा त्रास सोमवारपुरता राहत नाही. रोजचा होतो, आणि मग गिरणी सोडली तरी जात नाही. इंग्लंडमध्ये रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात याच्या पायऱ्या लावल्या: कधीतरी सोमवारी, दर सोमवारी, सोमवारी आणि इतर दिवशीही, आणि शेवटी कायमचा दम. आता विचार करा, आठवड्याची ठरलेली सुट्टीच नसेल तर ‘सोमवार’ दिसणार कुठून? हा माझा तर्क आहे, डॉक्टरांचा नाही. सणाच्या सुट्ट्या तेव्हाही होत्याच, पण आठवड्याच्या आठवड्याला उमटणारी खूण मात्र रविवार मिळाल्यावरच शक्य झाली.

आता आजोबा. माझी आजी सांगायची, ते जत्रेला पंधरा दिवस गावी यायचे आणि परत मुंबईला गेले की पत्रात हमखास एक ओळ असायची, ‘आल्यापासून छाती भरून आली आहे.’ घरात त्याचा अर्थ लावला जायचा, मुंबईचं पाणी बाधलं. कोणी म्हणायचं, गावची आठवण येते म्हणून. खोलीवरचे सोबती म्हणायचे, गूळ खा. धुळीच्या कारखान्यांत कामगारांना गूळ वाटायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. गूळ घशातली धूळ खाली नेतो, असा समज. घशातली नेत असेलही. फुफ्फुसात गेलेल्या धुळीला गुळाचा रस्ताच लागत नाही. पण धूळ ओढून घेणारा पंखा महाग, गूळ स्वस्त.

इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. त्याने १७०० साली कारागिरांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. अंबाडी-जवसाचे धागे विंचरणाऱ्यांचा खोकला त्यात आहे, पीठ दळणारेही आहेत. त्याचं डॉक्टरांना सांगणं एवढंच होतं की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारता, त्यात आणखी एक घाला: तू काम काय करतोस? आजोबांच्या केसपेपरवर धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’ लिहिलं होतं. मजुरी! पंचवीस वर्षांचं कार्ड खातं त्या तीन अक्षरांत गेलं. खोकला, दम, बारीक झालेलं अंग, म्हणजे टीबी. त्या काळी टीबी इतका होता की डॉक्टरांनी आधी तिकडे बघणं चूक नव्हतं. पण थुंकीत काही सापडत नाही, तरी गोळ्या चालू.

मुंबईत याच काळात काही लोक बरोबर प्रश्न विचारत होते. केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा करून बिसिनोसिस आणि साधा जुनाट श्वासविकार वेगळा कसा ओळखायचा, यावर १९८१ साली निबंध छापला. १९९५ साली डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवर लिहिलं. लक्षात घ्या, ईएसआय कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे आणि त्यात बिसिनोसिस आहे. म्हणजे निदान झालं तर भरपाईचा हक्क आहे. ब्रिटनने तर १९४१ सालीच, ऐन महायुद्धात, कार्ड खात्यात वीस वर्षं काढलेल्या पुरुषांसाठी भरपाईची योजना केली होती. आपल्याकडे रोग यादीत आला तरी रोगी त्या यादीपर्यंत पोचायचा कसा? तो तर एव्हाना एसटीत बसून गावाला गेलेला.

जाता जाता, त्याच यादीत बिसिनोसिसच्या शेजारीच बॅगॅसोसिस बसला आहे. साखर कारखान्यात रस काढून उरलेलं चिपाड साठवलं, त्याला बुरशी आली, की त्या धुळीने होणारा आजार. नगर जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हा शब्द पाठ करून ठेवायला हरकत नाही.

गावाला परत जाण्याचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात म्हटलं की कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू आहे, ते तोडू नये. ऐकायला छान. पण हिशेब मांडून बघा. धडधाकट वर्षं मुंबईने घेतली, खोकला गावाने सांभाळला. म्हाताऱ्या, आजारी कामगाराचा खर्च ना गिरणीच्या ताळेबंदात आला, ना मुंबई महापालिकेच्या. तो कोकणातल्या, साताऱ्याच्या, नगरच्या घरांतल्या बायकांच्या अंगावर पडला. आमच्या घरी तो आजीच्या अंगावर पडला.

त्यातही जामखेडकर नशीबवान म्हणायचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बऱ्याचदा शाळा न पाहिलेल्या बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक इथे शिकायला येतात, हे तुम्हाला माहीत असेलच. टीबी आणि कुष्ठरोगाबद्दलची भीती घालवण्यात या बायकांचा मोठा वाटा. आजीला एका कार्यकर्तीने सांगितलं होतं, गोळ्या नीट घेतलेल्या टीबीच्या माणसाचा कप वेगळा ठेवायची गरज नसते. आजीने मान डोलावली आणि कप तिथेच ठेवला.

आता जरा मोठा कॅमेरा लावू. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला. त्याआधी १९४६ ला आठवड्याचे तास ४८ वर आले होते, आणि ज्या मजूर खात्यात ते घडलं, त्याचे सदस्य डॉ. आंबेडकर १९४२ पासून होते. १९४८ चा कायदा मी परवा मोबाइलवर वाचला, आणि खरं सांगतो, कंटाळा आला नाही. कलम १३ हवा खेळती असण्याबद्दल, १४ धूळ आणि धुराबद्दल, १५ त्या कृत्रिम वाफेबद्दल. १६ मध्ये चक्क प्रत्येक कामगारामागे १४.२ घनमीटर जागा मोजायची, जुन्या कारखान्यांत ९.९, आणि छत ४.२ मीटरपेक्षा उंच असेल तर वरची हवा धरायची नाही. कलम २० थुंकदाणीचं. मुख्य म्हणजे कलम १४ म्हणतं की धूळ शक्यतो जिथे उठते तिथेच ओढून घ्या. नाकावर फडकं बांधणं हा शेवटचा उपाय. आपल्याकडे तो पहिला आणि एकमेव असतो.

आणि एसी? १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी यंत्र बनवलं, कारण दमट हवेत कागद फुगून रंग सरकत होते. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमरने आणला, तो कापड गिरण्यांसाठी. म्हणजे हवा ‘कंडिशन’ केली ती आधी कागदाची, मग धाग्याची. माणसाचा नंबर नंतर लागला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बऱ्याच गिरण्या गेल्या, काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं. गिरणगावात काचेच्या इमारती आल्या. आमच्या जामखेडचा एक मित्र अशाच एका ऑफिसात बसतो. खिडकी उघडत नाही, कारण खिडकी उघडण्यासाठी केलेलीच नाही. दुपारी डोकं जड, डोळे कोरडे, संध्याकाळी बाहेर पडलं की बरं. याचीही जुनी कथा आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत वीज वाचवायला इमारतींत बाहेरची ताजी हवा घेणं कमी केलं, आणि ऑफिसांतून अशाच तक्रारी येऊ लागल्या. १९८० च्या दशकात त्याला ‘आजारी इमारत’ असं नाव पडलं, आणि १९८९ ला ताज्या हवेचं प्रमाण परत वाढवावं लागलं.

पिठाच्या गिरणीवाल्याचं काय? पिठाच्या धुळीने दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. पण १९४८ चा कायदा विजेवर चालणाऱ्या दहा कामगारांच्या जागेपासून सुरू होत होता, आणि २०२० च्या नव्या संहितेत तो आकडा वीस केला आहे. गिरणीत माणसं किती? तो आणि फार तर त्याचा पोरगा. वेल्डिंगचं दुकान, फर्निचरचं, मिरची कांडपाचं, सगळीकडे हेच. परवा दळण आणायला गेलो तेव्हा त्याला विचारलं, सोमवारी गिरणी बंद असते, मंगळवारी छातीला काही होतं का? तो हसला, म्हणाला, ‘तुला कसं माहीत?’ मी त्याला जत्रेनंतरच्या पत्रांची गोष्ट सांगितली. त्याने दुसऱ्या बाजूची खिडकी उघडली. तिच्यासमोर पोत्यांची थप्पी होती, ती आम्ही दोघांनी हलवली. डॉक्टरकडे जाऊन छाती फुंकून तपासून घे, आणि ‘पिठाची गिरणी चालवतो’ हे आधी सांग, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

आजोबा २००३ साली गेले. त्यांना नेमकं काय होतं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. केसपेपरवर ‘मजुरी’ आहे आणि आजीने जपलेल्या चार पत्रांत तीच ओळ आहे. कप अजून कोनाड्यात आहे. मागच्या महिन्यात आईने त्यात चहा प्यायला सुरुवात केली.

तुमच्या घरात कोणी गिरणीत होतं का? असेल तर त्यांना विचारा, कोणत्या खात्यात होता, आणि सुट्टीवरून परत गेलं की कसं वाटायचं. त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, आता पंखा लावतो.